साकोलीला लग्नाला येतोय, मधला एक दिवस मोकळा आहे. नवेगाव बांधला दिवसभरात काय काय करता येईल?

तुमचा पूर्ण प्रश्न वाचला. डिसेंबरचा पहिला आठवडा, पुण्याहून येणार, सोबत आठ आणि बारा वर्षांची दोन पोरं, सासू-सासरे, आणि एका दिवसात बोटिंग, ट्रेकिंग, सफारी, मासेमारी, चुलीवरचं जेवण सगळं बसेल का असं विचारलंय. बसवलं तर बसते हो, लोकं बसवतात पण, पण मग दिवसभर गाडीचे दरवाजे उघडबंद करण्यातच जाते आणि संध्याकाळी पोरं झोपलेली अन् म्हातारी माणसं चिडलेली. माझं माहेर लाखांदूरकडचं, सासर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, बारा वर्षांत किती पाहुणे घेऊन गेले असेल नवेगाव बांधच्या तलावावर याचा हिशेब नाही, म्हणून सांगते की दोनच जागा धरा, सकाळी नवेगाव बांध आणि दुपारून इटियाडोह धरण, सफारी कटाप. सफारी करायची तर वेगळा दिवस काढा, नागझिऱ्याला जा.

पहिले रस्त्याचं सांगते कारण इथंच अर्धे लोक फसतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक सडक अर्जुनी, ती हायवेच्या बाजूला, आणि एक अर्जुनी मोरगाव, ती आत, रेल्वे लाईनवर. मोबाईलवर नुसतं अर्जुनी टाकलं की तो आपल्या मनानं एक निवडते. आमच्या आतेसासूचे जवई असेच नागपूरवरून साक्षगंधाला निघाले आणि भलत्याच अर्जुनीत हार घेऊन उभे राहिले, अजून त्यांना त्याच नावानं चिडवतात. तुम्ही साकोलीवरून हायवेनं कोहमारा गाठा, तिथून उजवीकडं आत वळलं की नवेगाव बांध, तासाभराचं काम आहे. (नागपूरवरून थेट येणाऱ्यांनी साधारण १४० किलोमीटर, तीन तास धरावे. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा लाईनवर देवलगाव स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच, एका दिवसाच्या प्लॅनला जमत नाही.)

आता सर्वात महत्त्वाचं. साकोलीतून पाचला निघा. हो, पाचला. लग्नाच्या घरी कोणी तसंही झोपू देत नाही. आणि स्वेटर, कानटोपी, म्हाताऱ्या माणसांना शाल, हे सगळं हातात ठेवा, डिकीत नको, कारण गोंदियाची थंडी पुण्याच्या थंडीसारखी नाही, डिसेंबरात पारा दहाच्या खाली जाते आणि तलावाच्या काठावर ती अजून बोचते. सूर्य साडेसहाच्या आसपास निघते. त्याच्या आधी तुम्ही पाळीवर पाहिजे.

पाळ म्हणजे तलावाचा बांध. पहिल्यांदा आलेले लोक विचारतात की धरणाची भिंत कुठं आहे, आणि मला हेच दाखवायला आवडते की भिंत अशी नाहीच. चारी बाजूनं डोंगर आहेत, पाणी जिथून निसटून जायचं तेवढ्याच फटी मातीची पाळ घालून बुजवल्या आहेत, आणि तेवढ्यानं हा एवढा मोठा तलाव झाला, पलीकडचा काठ धुक्यात दिसत पण नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांधला असं सांगतात, म्हणजे तीनशे वर्षं झाली, तेव्हा ना जेसीबी ना सिमेंट. आजूबाजूच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात, त्या बहिणींनी कोलू पाटलांना तलाव बांधायला मदत केली अशी गोष्ट आहे आणि पुढं कोलू पाटलांचाच कोलासूर देव झाला. त्याचं ठाणं आहे, लोक अजून नारळ फोडतात. मला तर ही गोष्ट लय आवडते, तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव केला, आता पूल बांधणाऱ्याची आपण कोणी आठवण ठेवतो का.

कोहळी लोकांचं हे कामच होतं, तलाव बांधणं आणि ऊस-धान पिकवणं. भंडारा-गोंदियात तुम्हाला गावागावात तलाव दिसतील, त्यांना मामा तलाव म्हणतात. पोरं विचारतील कोणाचा मामा, तर मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं आले आणि मग गाळ काढायचा कोणी यावर जे वाद सुरू झाले ते आमच्या गावच्या ग्रामसभेत अजून चालूच आहेत. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते सांगतात की त्यांच्या लहानपणी गावच्या तलावाला जुनं तुडूम होतं. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी शेतात सोडायची जागा. एकाखाली एक भोकं आणि त्यात लाकडाचे डट्टे, वरचं पाणी संपलं की खालचा डट्टा काढायचा, आणि थंड पाण्यात बुडी मारून तो डट्टा काढायला गावात एकच माणूस पटाईत होता, त्याच्या घरी त्या दिवशी कोंबडा ठरलेला.

बरं, पाळीवर काय करायचं? काहीच नाही. बसा. थर्मासमध्ये चहा न्या, बारक्याच्या हातात दुर्बीण द्या, साधी खेळण्यातली चालते. पहिले नुसता आवाज येते, पाणी दिसतच नाही, पांढरं पांढरं सगळं. मग धुकं वर उचलायला लागते, चादर काढल्यासारखं नाही हो, तुकड्या तुकड्यानं, इथं थोडं तिथं थोडं, आणि त्या फटीतून पहिले दिसतात ते वारकरी. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी, आणि झुंडीनं राहतात हे पण नावाला शोभते. पोरांना हा एक शिकवला की ती स्वतःच मोजत बसतात. मग अडई दिसतात, त्या उडताना शिट्टी मारतात, हळदी-कुंकू बदक दिसते, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, नाव ठेवणारी बाईच असली पाहिजे. थंडीत बाहेरून येणारे पण असतात, तलवार बदक, चक्रवाक. चक्रवाक म्हणजे तो केशरी अंगाचा, जोडीनं असते. मागच्या वर्षी माझ्या जावेच्या पोरानं, सहा वर्षांचा तो, कमळाच्या पानावर चालणारा कमळपक्षी पाहिला आणि अर्धा तास कोणाशी बोललाच नाही, एरवी तोंड बंद नसते त्याचं. नंतर घरी येऊन गाद्यांवर तसंच एकेक पाय लांब टाकत चालून राहिला होता.

सारस दिसेल का हे पण बरेच लोक विचारतात. गोंदियाचं नाव सारसांसाठी आहे खरं पण ते जास्त करून वाघ आणि वैनगंगा नदीच्या काठच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांमध्ये, असतात, गोंदिया-बालाघाटच्या बाजूला. तिकडं जाणं तुमच्या एका दिवसात बसत नाही, मनातून काढून टाका.

बोटिंग. बोट सुरू असली तर नऊ-दहा वाजता, धुकं गेल्यावर करा, लाईफ जॅकेट घातल्याशिवाय पोरं काय तुम्ही पण बसू नका, आणि जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा कारण बऱ्याचदा बकल तुटकी असतात. मोटरबोटीपेक्षा पायडलची बरी, पक्षी उडत नाहीत. तलावात मासेमारी करणारे ढिवर बांधव डोंगा घेऊन फिरत असतात, फोटो काढा पण आम्हाला डोंग्यात बसवा म्हणून मागं लागू नका. तो त्यांचा कामाचा टाईम आहे, जाळं ओढायचं असते, आणि तो डोंगा जरा वजन इकडं-तिकडं झालं की कलंडते, त्यांना सवय आहे आपल्याला नाही. तुमच्या गळ टाकून मासे धरण्याच्या आयडियाचं पण तेच, तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सोसायट्यांकडं असतात, आपण गळ घेऊन बसलं तर कोणी तरी येऊन विचारणारच. मासा खायचा तर विकत घ्या, जास्त सोपं.

पाण्यात उतरायचं नाही. हे मी पाहुण्यांना गाडीत बसायच्या आधीच सांगते. काठ दिसते उथळ, पण खाली गाळ आहे आणि कमळाचे देठ, शिंगाड्याचे वेल, पाय गुंतला की पोहणारा माणूस पण घाबरते. शिंगाड्याला काटे असतात ते वेगळंच.

शिंगाड्यावरून आठवलं, रस्त्याच्या कडेला बाया टोपल्यात उकडलेले काळे शिंगाडे घेऊन बसतात या दिवसांत. घ्याच. पुण्यात तुम्ही शिंगाडा म्हणजे उपवासाचं पीठ एवढंच पाहिलेलं असणार. काळं साल पाहून सासूबाई नको म्हणतील, साल उकडून काळं होते, आत पांढरं शुभ्र निघते. दोन्ही बाजूची शिंगं आधी मोडायची, मग मधोमध दातानं दाबायचं, डायरेक्ट चावलं तर ओठात घुसते. मला लग्नानंतर पहिल्या वर्षी घुसलं होतं, माहेरी तलाव असून मी तोवर सोललेलेच खाल्ले होते, आणि सासरची सगळी मंडळी पाहून राहिली होती.

ट्रेकिंग म्हणाल तर टेकडीवर थोडं चढून वरून तलाव पाहता येते, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली बागेत बसवा, त्यांच्यासोबत कोणी तरी थांबा. एक मात्र, माकडं. हातात पिशवी दिसली की झालंच. आणि बायांसाठी वेगळं सांगते, संडास-बाथरूमची सोय तलावावर जेमतेमच आहे आणि इटियाडोहला त्याहून कमी, तर नवेगावच्या एखाद्या हॉटेलात नाश्ता करा तेव्हाच ते उरकून घ्या. नाश्ता म्हणजे पोहे, त्यावर चण्याची तर्री. तिखट लागते, पोरांना आधी अर्धा चमचा देऊन पाहा.

साडेअकराला तिथून निघा, अर्जुनी मोरगाववरून गोठणगावकडं. रस्त्यात दोन्ही बाजूला कापलेल्या धानाच्या बांध्या दिसतील, त्यात पुंजणे लावलेले, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, काही ठिकाणी मशीनवर चुरणं, म्हणजे मळणी, चालू असेल, आणि बांधीत हिरवं हिरवं बारीक दिसते ती लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, धान कापायच्या आधीच ओलीत फेकून देतात, नांगर नाही काही नाही, आपोआप येते. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. कोणी वाढली तर नाही म्हणू नका.

इटियाडोह हे धरण गाढवी नदीवर आहे, १९७० च्या सुमाराचं, म्हणजे नवेगावपुढं हे कालचं पोर. याचं पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली तिन्ही जिल्ह्यांतल्या धानाला जाते. मामाजींची चार एकर या कॅनॉलवर आहे, त्यामुळं आमच्या घरी धरण किती भरलं हे पोरांच्या मार्कांपेक्षा जास्त वेळा विचारलं जाते. उन्हाळी धान लावायचं की नाही हे त्याच्यावरच ठरते. पावसाळ्यात ओव्हरफ्लो झालं की इथं जत्रा भरते, सांडव्यावरून पाणी पडते तिथं पोट्टे शेवाळावर उभं राहून सेल्फी काढतात आणि दरवर्षी कोणाचं ना कोणाचं हाड मोडते, नाही तर त्याहून वाईट होते. डिसेंबरात ओव्हरफ्लो नसते, शांत असते, निळंशार पाणी आणि पलीकडं जंगल. इथं कॅनॉलमध्ये मात्र हात धुवायला पण उतरू नका. काठ सिमेंटचा गुळगुळीत, उतार, एकदा घसरलं की धरायला काही नाही आणि पाण्याला ओढ लय.

चुलीवरचं जेवण करायचं म्हणताय तर इथं करा, पण आधी माझी गोष्ट ऐका. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या घरचे तेवीस लोक होते, रोडग्यांचा बेत, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे. गोवऱ्या, गंज, सराटा, वांगे, सगळं टेम्पोत भरून नेलं. नंदोईंनी जागा पसंत केली, मोठ्या अर्जुनाच्या झाडाखाली, सावली कशी थंडगार म्हणे. मी म्हटलं खाली पाहिलं वर कोणी पाहिलं का, तर सगळे हसले. गोवऱ्या पेटल्या, धूर सरळ वर. पंधरा मिनिटं काही नाही. मग मोठ्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, मानेवर एक चापट मारली. मग दुसरी. आणि मग तो आवाज, लांबून मोटरसायकल येऊन राहिली असा, पण तो वरून येत होता. तीस-चाळीस फुटावर आग्या मोहोळ, दोन हात लांब, एक नाही तीन. जे पळाले ते पळाले. नंदोई पाण्याकडं धावले, आम्ही ओरडून राहिलो की पाण्यात नका जाऊ, डोकं वर काढलं की माश्या तिथंच घिरट्या घालत असतात. मामाजींनी मात्र डोकं लावलं, खाली अंथरलेली सतरंजी उचलली आणि तीन लेकरांना घेऊन तिच्या आत दबून बसले, चौघांना मिळून दोनच डंख. मी गाडीत शिरले, काच वर केली, आत सोबत सहा माश्या. भासऱ्यांना एकोणीस डंख, सरकारी दवाखान्यात नेलं, सुई-सलाईन झालं, दोन दिवसांत बरे झाले. डंख नखानं नाही तर एटीएम कार्डानं खरवडून, जसा जमेल तसा, पण लवकर काढायचा. रोडगे? संध्याकाळी एक जण डोक्यावर चादर घेऊन गेला आणि पाहिलं तर निम्मे कोळसा झाले होते, निम्मे एकदम बरोबर भाजलेले. ते आम्ही घरी नेऊन खाल्ले.

तर झाडाखाली चूल मांडायच्या आधी वर पाहा. दोनदा पाहा. मोकळ्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून मांडा, आणि निघताना पाणी टाकून विझवा, बाजूला जंगल आहे. अत्तर-सेंट लग्नासाठी ठेवा, त्या दिवशी नको. चार-पाच माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटत असेल तर गावात आधी सांगून ठेवलं की घरगुती जेवण करून देणारे मिळतात, झिंग्याची भाजी, भात, वांगं. झिंगे म्हणजे तुमचे कोळंबी, पण गोड्या पाण्यातले. सासू-सासरे शाकाहारी असतील तर ते पहिलेच सांगा, इकडं झिंग्याला कोणी फार मोठं मांसाहार समजत नाही, वांग्यात टाकून मोकळे होतात.

तीनच्या सुमारास गोठणगावचा तिबेटी कॅम्प पाहून घ्या, पोरांना तर नक्की दाखवा. १९७२ पासून ही वस्ती इथं आहे, नॉर्ग्येलिंग नाव तिचं, धानाच्या बांध्यांच्या मधात एकदम रंगीत पताका आणि बौद्ध मठ. मठात बूट काढून शांतपणे जा. फक्त डिसेंबरात कॅम्प निम्मा रिकामा असते, म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी, कारण बाकीचे थंडीत शहरा-शहरात स्वेटर विकायला गेलेले असतात. म्हणजे तुम्ही एवढे लांबून येणार आणि कॅम्पातलं एखादं कुटुंब तिकडं तुमच्याच पुण्यात दुकान लावून बसलेलं असणार. मागच्या खेपेला एका आजीबाईंनी आमच्याशी अशी ठसठशीत झाडीतली, म्हणजे आमच्या भागातली, मराठी बोलली की माझा भाऊ पाहतच राहिला.

प्रतापगडचा किल्ला पण त्याच बाजूला आहे, तिथं महादेव आणि दर्गा दोन्ही आहेत, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पण तो यावेळी सोडा. चढणं-उतरणं होते आणि अंधार पडते. अंधाराचं तुम्हाला लक्षात येणार नाही म्हणून सांगते, डिसेंबरात तुमच्याकडं सहाला दिवस मावळते, आमच्याकडं साडेपाचलाच. आणि जंगलातला रस्ता आहे, रानडुकरं आडवी येतात, हळू चालवा, साडेचारला परतीला लागा. पेट्रोल सकाळीच भरा, थोडी रोकड जवळ ठेवा, रस्त्यात मोबाईलची रेंज जाते आणि मग शिंगाडेवाल्या बाईला ऑनलाईन पैसे पाठवता येत नाहीत.

परतताना एखाद्या गावात मोठा मंडप, ट्रॅक्टर लागलेले आणि भोंग्यावर नाटकाची जाहिरात ऐकू आली तर ती मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल, रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडसा इथून जवळ आहे, बहुतेक नाटक कंपन्या तिथल्याच. नाटक रात्री दहाला सुरू होते म्हणतात, अकरा वाजता पडदा उघडते आणि पहाटे संपते. सासऱ्यांना नाटकाची आवड असेल तर त्यांना सांगूच नका, नाही तर दुसऱ्या दिवशीच्या लग्नात ते मंडपात खुर्चीवर घोरताना सापडतील, आमच्या मामाजींसारखे.